‘क्रिंज’ नीट वापरायचं कसं: नानाकाकांच्या माइकपासून मॉल्डनच्या लढाईपर्यंत

परवा मावसबहिणीच्या साखरपुड्यात जेवणं व्हायच्या आधी कुणीतरी नानाकाकांच्या हातात माइक दिला. देऊ नये तो दिला. काकांनी घसा साफ केला, होणाऱ्या जावयाला उद्देशून एक चारोळी म्हटली, कुणी हसलं नाही म्हणून तीच परत म्हटली, आणि मग "आता आमच्या सौ. उखाणा घेतील" असं जाहीर करून मोकळे, काकू तिकडं खांबामागं जागा शोधतायत. माझ्या शेजारी भाची होती, अकरावीत आहे, ती तोंडावर ओढणी घेऊन म्हणाली, "मावशी, किती क्रिंज आहेत गं काका!" मी तिच्याकडं नीट बघितलं. चपलेतली पायाची बोटं घट्ट आवळलेली, खांदे कानापर्यंत चढलेले, मान आत गेलेली, एक डोळा बंद. म्हटलं बाई गं, काका मजेत आहेत, क्रिंज तू करतेयस.

तिला ते पटलं नाही, म्हणून हे एवढं सगळं लिहितेय. मी संध्याकाळी इंग्रजीचे क्लास घेते आणि गेली काही वर्षं हा शब्द प्रत्येक बॅचमध्ये ऐकते, पोरांच्या तोंडात तो सारखा असतो पण वाक्यात वापर म्हटलं की गाडी अडते, कारण तो मुळात क्रियापद आहे हेच कुणाला माहीत नसतं. सगळे त्याला शिक्का म्हणून वापरतात. हा क्रिंज, ते रील क्रिंज, तुझा डीपी क्रिंज.

आधी तोंडात बसवून घ्या

स्पेलिंग सी-आर-आय-एन-जी-ई. शेवटचा ज हा ‘जेवण’मधला ज आहे, ‘जागा’मधला नाही, आपल्या मराठीत दोन ज आहेत आणि घाईत चुकीचा लागतो. भूतकाळ ‘क्रिंज्ड’, एका दमात, ‘क्रिंजेड’ असं फोडून म्हणायचं नाही. ‘ही’ किंवा ‘शी’ आला की मात्र ‘क्रिंजिझ’, तिथं उच्चारात एक अक्षर वाढतं.

आयएनजी लावताना ई उडतो. म्हणजे सी-आर-आय-एन-जी-आय-एन-जी. यावर हुशार पोरं विचारतात की मॅडम मग ‘सिंज’ला ई का ठेवतात, सिंज म्हणजे वरवर होरपळणं. तिथं ई काढला तर ते ‘सिंगिंग’ होऊन बसेल, केस जळले म्हणायला जाल आणि केस गातायत असं होईल, म्हणून ठेवलाय. क्रिंजच्या बाबतीत असा घोटाळा होत नाही, कारण ‘क्रिंग’ असं क्रियापदच नाही.

मग अंगात बसवून घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच सगळे टाळतात. डिक्शनरीत ‘संकोचणे, शरमणे’ वाचून काही कळत नाही. त्यापेक्षा गल्लीतलं कुत्रं आठवा. आपण नुसतं चप्पल नीट करायला खाली वाकलो तरी त्याला वाटतं दगड उचलतायत, लगेच शेपूट पोटाखाली, कान मागं, पाठ खाली दबलेली, आणि सगळं अंग आहे त्यापेक्षा लहान करायचा प्रयत्न. द डॉग क्रिंज्ड. हा या शब्दाचा गाभा. अंग आक्रसणं, अंग चोरणं, आपण जागेवरच थोडे कमी होणं.

माणसाचंही तेच होतं, फक्त दगडाऐवजी लाज असते. दहावीत लिहिलेली कविता कपाटात सापडते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये रेकॉर्ड झालेला आपलाच आवाज ऐकू येतो, कुणीतरी भर कार्यक्रमात पाहुण्यांचं नाव चुकीचं घेतो, की आपले खांदे आपोआप वर जातात आणि डोळे मिटतात. मनात काय वाटलं ते नंतर, शरीर आधी हलतं. म्हणून नुसतं ‘लाज वाटली’ म्हणायचं असेल तर ‘आय फेल्ट एम्बॅरस्ड’ पुरेसं आहे, क्रिंज तेव्हाच काढा जेव्हा अंगातून ती कळ गेलीय.

कर्ता कोण?

इथं मराठी माणूस हमखास घसरतो. वह्यांमध्ये मला ही वाक्यं नेहमी सापडतात: ‘इट क्रिंज्ड मी’, ‘आय अ‍ॅम क्रिंज्ड’, ‘डोन्ट क्रिंज मी’. तिन्ही चूक.

आणि चूक का होते तेही कळतं. आपल्याकडं असल्या गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात. मला लाज वाटली, मला हसू आलं, मला कसंतरीच झालं. ‘मी’ आपला बाजूला बसलेला असतो आणि हसू कुठूनतरी येतं. इंग्रजीत या क्रियापदाला तसं चालत नाही, ज्याचं अंग आक्रसलं तोच कर्ता. आय क्रिंज्ड. शी क्रिंज्ड. झालं वाक्य, पुढं कर्म लागत नाही. अकर्मक क्रियापद, आपल्या ‘लाजणे’सारखं, आपण जसं ‘मी त्याला लाजवलं’ म्हणायला वेगळं रूप घेतो तसंच इंग्रजीत ‘मेक’ घ्यावं लागतं: ‘हिज स्पीच मेड मी क्रिंज.’ आणि ‘मेड मी टू क्रिंज’ नाही हां, तो ‘टू’ आपल्याकडच्या पेपरांमध्ये फार दिसतो.

शेक्सपिअरनं मात्र याला कर्म लावलंय. अँटनी आणि क्लिओपात्राच्या नाटकात सीझरचा दूत राणीच्या हाताचं चुंबन घेतो, अँटनीचं टाळकं सरकतं आणि तो हुकूम सोडतो की याला फटके मारा, लहान पोरासारखा ‘क्रिंज हिज फेस’ करेपर्यंत मारा, म्हणजे तोंड वेडंवाकडं करून गयावया करेपर्यंत. ‘तोंड क्रिंजणं’ असा प्रयोग आज कुणी करत नाही. पण त्या एका ओळीत शब्दाचा चेहरा दिसतो म्हणून मी वर्गात ती सांगतेच. कुणी परीक्षेत लिहून आलं तर मार्क जातील एवढं आपलं बजावते.

पुढं काय लावायचं

कशामुळं क्रिंज झालं ते सांगायला ‘ॲट’. आय क्रिंज्ड ॲट माय ओल्ड फोटोज. प्रसंग सांगायचा असेल तर ‘व्हेन’: आय क्रिंज्ड व्हेन ही टुक द माइक. नेहमीचं असेल तर साधा वर्तमानकाळ आणि ‘एव्हरी टाइम’. आठवणीनंसुद्धा होत असेल तर ‘आय क्रिंज टू थिंक व्हॉट आय सेड दॅट डे’, म्हणजे त्या दिवशी मी काय बरळले ते आठवलं तरी नको होतं. याचाच भाऊ ‘आय शडर टू थिंक’, तो जास्त ऐकाल, पण त्यात भीती असते, यात शरम.

‘क्रिंज अवे फ्रॉम’ म्हणजे आक्रसून लांब सरकणं, इथं लाजेपेक्षा भीती किंवा नकोसेपणा. मार खाल्लेलं मूल हात उगारला की सरकतं तसं.

आणि माझं सगळ्यात आवडतं ‘क्रिंज इनवर्डली’. हा भल्या माणसांचा प्रयोग. आमच्या सासूबाई कुणीही घरी आलं की सांगायच्या, "आमची सून इंग्रजी शिकवते बरं का, बोल गं काहीतरी इंग्लिशमधे." आता काय बोलू? पाहुणे बशीत चहा ओतून थांबलेत, सासूबाईंचा चेहरा कौतुकानं फुललाय, आणि मी हातात ट्रे घेऊन उभी. आय स्माइल्ड, बट इनवर्डली आय क्रिंज्ड. चेहऱ्यावर काही नाही, आतल्या आत सगळं गोळा. सूनबाई लोकांना हे वाक्य पाठ करायला लागत नाही, एकदा ऐकलं की कायमचं राहतं.

शेजारीपाजारी

विन्स, फ्लिंच, काउअर, स्क्वर्म. ही मंडळी क्रिंजच्या आळीतच राहतात आणि डिक्शनरीत सगळ्यांपुढं थोड्याफार फरकानं तेच लिहिलेलं असतं, त्यामुळं पोरं कुठलाही उचलून कुठंही ठेवतात.

विन्स तोंडावर होतो आणि तो कळेचा असतो. इंजेक्शनची सुई आत गेली, क्षणभर तोंड वाकडं झालं, संपलं. जखमेवर आयोडिन लावल्यावर येतो तो विन्स. कुणी बोचरं बोललं तरी माणूस विन्स होतो, कारण शब्दही टोचतातच की.

फ्लिंच म्हणजे झटक्यात मागं होणं. चेंडू तोंडासमोरून गेला, फटाका कानाजवळ वाजला. तो बहुतेक वेळा नकारातच भेटतो: ‘शी डिडन्ट फ्लिंच’, म्हणजे ती जरासुद्धा हलली नाही. शौर्य सांगायला हा प्रयोग अगदी चपखल.

काउअर करणारा खाली बसतो आणि बसून राहतो, कोपऱ्यात, पलंगाखाली, भीतीनं. विन्स आणि फ्लिंच सेकंदात संपतात, काउअर तासभर चालू शकतो. आणि स्क्वर्म म्हणजे आपली चुळबुळ. खुर्चीत या कुशीवरून त्या कुशीवर. पालकसभेत सरांनी सगळ्यांसमोर आपल्या पोराचा पेपर उघडला की जे होतं ते स्क्वर्म, आणि तो पेपर मोठ्यानं वाचायला घेतला की क्रिंज.

लढाईत पडलेला शब्द

थोडं मागं जाऊ, यात मला स्वतःला मजा येते म्हणून जरा रेंगाळते. जुन्या इंग्रजीत ‘क्रिंगन’ असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता रणात कोसळणं. सन ९९१ मध्ये इंग्लंडात एसेक्समधल्या मॉल्डनला व्हायकिंग लोकांशी लढाई झाली, इंग्रज हरले, आणि त्यावर रचलेलं एक जुनं काव्य अर्धवट का होईना पण शिल्लक आहे. त्यात जखमांनी थकलेले योद्धे पडले असं सांगताना हेच क्रियापद येतं. म्हणजे कुठं ते रक्तबंबाळ होऊन पडलेले वीर, आणि कुठं आमची भाची ओढणीत तोंड खुपसून!

पण धागा तुटलेला नाही. मुळात वाकणं, पिळवटणं असा भाव आहे, इंग्रजीतला ‘क्रिंकल’, म्हणजे सुरकुतणं, हा त्याच घरातला मानतात. आधी माणूस घावानं वाकून पडला. मग बलवानापुढं भीतीनं वाकला. मग पोटासाठी वाकला, धन्यापुढं, साहेबापुढं, दरबारात. आणि शेवटी नुसता लाजेनं वाकायला लागला.

त्यातला मधला अर्थ अजून जिवंत आहे आणि नवीन पोरांना तो माहीतच नसतो, त्यामुळं जुनी इंग्रजी कादंबरी वाचताना ती फसतात. ‘ही क्रिंज्ड बिफोर हिज मास्टर’ असं आलं तर त्याला मालकाची लाज वाटली असं नाही, तो लाचारी करत होता. हांजी हांजी, हुजरेगिरी, पुढंपुढं करणं, लाळघोटेपणा, मराठीत याला शब्दांची कमी नाही, आपण या बाबतीत फार श्रीमंत आहोत, का ते आपापलं बघा. ओळखायची खूण सोपी: क्रियापदापुढं ‘बिफोर’ किंवा ‘टू’ आणि त्यापुढं कुणीतरी मोठा माणूस. ‘अ क्रिंजिंग अपॉलॉजी’ म्हणजे पाय धरल्यासारखी माफी, लाजिरवाणी नव्हे, लाचार.

दोन्ही अर्थ एकत्र बघायचे असतील तर ‘कल्चरल क्रिंज’ हा शब्दप्रयोग बघा. ए. ए. फिलिप्स नावाच्या ऑस्ट्रेलियन समीक्षकानं १९५० मध्ये ‘मिॲन्जिन’ नियतकालिकातल्या एका लेखात तो वापरला आणि तिथून तो रुळला. ऑस्ट्रेलियातल्या सुशिक्षितांना आपलं लिखाण, आपली कला सतत इंग्लंडच्या तुलनेत कमीच वाटायची, त्याबद्दल तो लिहीत होता. म्हणजे स्वतःची लाज आणि दुसऱ्यापुढं वाकणं एकाच झटक्यात. मला हे वाचल्यावर आपल्याकडचे मॉल आठवले, जिथं दोन्ही बाजूंना मराठी माणसं असतात, काउंटरच्या अलीकडं पण आणि पलीकडं पण, आणि बोलणं मात्र मोडक्या इंग्रजीत किंवा हिंदीत चालतं, बिल हातात आल्यावर एकजण हळूच म्हणतो, "पिशवी आहे का हो?"

पोरांचं क्रिंज

आता भाचीचा मुद्दा. ‘दॅट्स सो क्रिंज’ हे चूक आहे का? बोलण्यात नाही. इंटरनेटवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत क्रिंज हे विशेषण म्हणून सगळीकडं पसरलं, इंग्लंड-अमेरिकेतली पोरंही तसंच बोलतात, त्यामुळं आपल्या पोरांनी ते मोडून ठेवलं असं म्हणायला मी तयार नाही. त्याआधीचं रीतसर विशेषण ‘क्रिंजवर्दी’, ते वर्तमानपत्रातसुद्धा चालतं. मधलं ‘क्रिंजी’, त्याचं स्पेलिंग वाय लावून किंवा ईवाय लावून, दोन्ही दिसतात, बोलीतलं आहे.

कुठं काय? मित्रांत नुसतं क्रिंज चालेल. लेखात, रिव्ह्यूत क्रिंजवर्दी. ऑफिसच्या मेलमध्ये यातलं काहीच नको, तिथं ‘ऑकवर्ड’ किंवा ‘एम्बॅरसिंग’ लिहा, बॉसनं केलेल्या प्रेझेंटेशनला क्रिंज म्हटल्यावर पुढचे दिवस कसे जातील ते मी सांगायला नको.

पण या विशेषणात एक चलाखी आहे. ‘आय क्रिंज्ड’ म्हटलं की लाज माझी, मी कबूल केली. ‘काका क्रिंज आहेत’ म्हटलं की लाज मी काकांच्या खिशात टाकली आणि हात झटकले. काकांना तर काहीच झालेलं नसतं! दुसऱ्याच्या वागण्याची आपल्याला लाज वाटणं याला जर्मनमध्ये ‘फ्रेमडशाम’ असा अख्खा शब्द आहे, म्हणजे परकी लाज. मी भाचीला तेच सांगत होते की विशेषण वापर खुशाल, पण कधीतरी क्रियापद वापरून बघ, वाक्य जास्त खरं होतं.

मराठीत आणताना

भाषांतर करणाऱ्यांनी इथं थांबा. ‘तो संकोचला’ हे फार सौम्य आहे, संकोच तर पाहुण्याकडं दुसऱ्यांदा पोहे मागताना पण होतो. ‘अंगावर काटा आला’ हे साफ चूक, काटा भीतीनं किंवा भारावून येतो. ‘डोक्यात गेला’ हा राग. ‘किळस आली’ वेगळीच गोष्ट.

जवळ जातात ते हे: कसंनुसं झालं, कानकोंडं झालं, ओशाळल्यासारखं झालं, आणि जोरात हवं असेल तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं मत कानकोंड्याला. इतका नेमका शब्द आपल्याकडं असताना तो धूळ खात पडलाय. पण शरीर दाखवायचं असेल तर सरळ शरीरच लिहा, ‘त्यानं अंग चोरलं’, ‘ती आक्रसली’. आणि कॉलेजातल्या पात्राच्या तोंडी असेल तर ‘क्रिंज’ तसंच ठेवा, अठरा वर्षांचा मुलगा ‘मी कानकोंडा झालो’ म्हणाला तर वाचकच क्रिंज करेल.

आता करून बघा

कागद घ्या, ही वाक्यं इंग्रजीत मनाशी करा आणि मग खालचं वाचा. जुने मेसेज वाचून मला कसंनुसं झालं. सुई टोचली तसा तो कळवळला. एवढा मोठा आवाज झाला पण आजी हलली नाही. साहेबांपुढं त्याचं हांजी हांजी बघवत नव्हतं. त्याच्या विनोदांनी आम्हाला सगळ्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिलं: आय क्रिंज्ड ॲट माय ओल्ड मेसेजेस. दुसऱ्यात क्रिंज घातलं असेल तर खोडा, तिथं विन्स्ड. तिसऱ्यात ‘डिडन्ट फ्लिंच’. चौथ्यात जुना अर्थ: आय कुडन्ट बेअर टू वॉच हिम क्रिंजिंग बिफोर द बॉस. गंमत अशी की या वाक्यात क्रिंज तो करतोय लाचारीनं, आणि बघणारा करतोय लाजेनं, पण दोन्हीकडं एकच क्रियापद घातलंत तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून एकदाच वापरा. पाचव्यात कर्ता बघा, विनोद आहेत, म्हणजे ‘मेक’ लागणार: हिज जोक्स मेड अस ऑल क्रिंज.

भाचीनं पाचापैकी चार बरोबर केली. चुकलं ते पाचवं, ‘मेड अस टू क्रिंज’ लिहिलं होतं तिनं.